अर्धा आटा

दर रविवारी सकाळी आठ-साडेआठला दारव्ह्याकडून सायकली यायच्या आणि बोरी अरबच्या अलीकडे, वामनरावांच्या गोदामाजवळ थांबायच्या. सात-आठ जण असायचे. अंगाला चिकटून बसणारे भडक कपडे, काळे चष्मे, डोक्यावर भोकाभोकांची टोपणं. डिसेंबरच्या थंडीतही त्यांच्या कानामागून घाम ओघळत असायचा. तो पुसायच्या आधी ते सायकली पुसायचे.

गोदामाच्या भिंतीला टेकून गोविंदा मेश्रामचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानाच्या आत पडदा, पडद्यामागे घर. पुढून सायकली दुरुस्त व्हायच्या, मागून चुलीचा धूर निघायचा. एकोणीस वर्षं असंच चाललेलं. भिंत वामनरावांची, जागाही वामनरावांचीच. दारव्ह्याला त्यांचं कृषी केंद्र होतं आणि गावाला लागून शेती. जागेविषयी ते कधी काही बोलले नव्हते, त्यामुळे गोविंदाही बोलला नव्हता.

गोविंदाचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला होता. मांडीपासून खाली नुसती काठी. उभं राहायचं तर हात गुडघ्यावर रोवावा लागायचा, म्हणून तो पोत्यावर बसूनच काम करायचा. पण चाकाला त्याच्यासारखा हात आख्ख्या तालुक्यात नव्हता. वाकडं झालेलं चाक सरळ करणं याला मिस्त्री लोक आऊट काढणं म्हणतात. बाकीचे चाक फिरवून डोळ्यानं आऊट बघायचे. गोविंदा एकेक तार बोटानं छेडायचा. ढिली कुठली, ताणलेली कुठली, हे त्याला ऐकू यायचं. मग चावीचा अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे, आणि चाक रेषेत.

वामनरावांना दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली होती. तेव्हापासून ते सायकल चालवत होते आणि सायकलीशिवाय दुसरं बोलत नव्हते. त्यांची सायकल घरी दिवाणखान्याच्या भिंतीला टांगलेली असे, वडलांच्या फोटोशेजारी. फोटोवरची धूळ पुसायला बाई होती. सायकलीला मात्र त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि गोविंदाशिवाय.

"दोन बोटावर उचलतो, पाहा," अतुल डॉक्टर म्हणाला. तो दारव्ह्याचा दातांचा डॉक्टर. त्यानं नवी सायकल खरोखरच दोन बोटांवर उचलली आणि दुसऱ्या हातानं फोटो काढून घेतला. "सात किलो आठशे ग्रॅम. आपल्या पोराचं दप्तर यापेक्षा जड आहे."

सगळे हसले. मग एकानं आपल्या गिअरचं बटण दाबून दाखवलं, दुसऱ्यानं जपानहून मागवलेलं चेनचं तेल दाखवलं.

"गोविंदा, तू उचल बरं," डॉक्टर म्हणाला. "पण उभा राहून. एका हातानं."

गोविंदा हात गुडघ्यावर रोवून उठला. एक हात गुडघ्यावर, एका हातात सायकल, म्हणजे तोल सांभाळायला काही उरलं नाही. तो भिंतीवर कलला. डॉक्टरनं झटकन पुढे होऊन सायकल धरली. गोविंदाला कोणी धरलं नाही. तो भिंतीला घासत खाली बसला आणि सगळ्यांबरोबर हसला.

"घे, मोजे घाल," डॉक्टरनं रबरी हातमोजे दिले. "हँडलची पट्टी पांढरी आहे."

"हात धुतले जी. साबनानं."

"असू दे ना."

मोजे घालून गोविंदानं चेन धुतली. घासलेट, दात घासायचा जुना ब्रश, मग कोरडं फडकं. चाकाची वेळ आली तेव्हा वामनराव म्हणाले, "चाकापुरते मोजे काढ." त्यानं काढले, तारा छेडल्या, चावी फिरवली. सायकल परत घेताना डॉक्टरनं हँडल ओल्या कागदानं पुसून घेतलं आणि तो कागद गोविंदाच्या पोत्याजवळ टाकला.

त्याच वेळी शेताकडून दीपा आली. गोविंदाची एकुलती एक पोरगी, सोळा वर्षांची, दारव्ह्याला अकरावीत. सायकल शाळेतून मिळालेली, निळी, लोखंडी, जड. मागे कॅरिअरवर पहाटेपासून वेचलेल्या कापसाचं गाठोडं. चढावर ती सीटवरून उठलीसुद्धा नाही. पाय एका लयीत फिरत होते.

"ही गाडी पण माझ्याशी लावते का शर्यत?" डॉक्टरनं चेष्टा केली. "पुलापर्यंत आणि परत?"

दीपानं बापाकडे पाहिलं. गोविंदानं मान हलवली, नको म्हणून. ती तोवर गाठोडं सोडायला लागली होती.

अडाण नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं. दोघं दिसेनासे झाले तेव्हा मंडळी चहा मागवत होती. चहा यायच्या आत दीपा एकटी परत आली. सायकल स्टँडवर लावून ती गाठोडं उचलत होती, तेव्हा डॉक्टर वळणावर दिसला. त्याचं तोंड लाल झालेलं, जीभ बाहेर.

या वेळी सगळे हसले ते डॉक्टरवर. वामनराव हसले नाहीत. त्यांनी निळी सायकल एका हातानं उचलून बघितली आणि खाली ठेवली. मागचं चाक फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

"ह्याच्या आसातले छर्रे कोनी भरले?"

"मीच जी."

"हं," वामनराव म्हणाले. मग मोठ्यानं, "आपल्या गावची पोट्टी आहे, डॉक्टर. दम आहे तिच्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस टेम्पोत घालून एक सायकल घेऊन आला. वामनरावांची मुलगी समीक्षा यवतमाळला बारावीत होती. तिची ही जुनी सायकल. तिला बापानं नवी घेऊन दिली होती. निरोप असा होता की सव्वीस जानेवारीला दारव्ह्यात त्यांच्या सायकल क्लबची शर्यत आहे. अमरावतीहून एक कोच येणार. मुलींमध्ये जी पहिली येईल तिला तो आपल्या होस्टेलात घेणार, राहणं-खाणं-शिकणं सगळं तिथंच. एकच जागा आहे. दीपानं भाग घ्यावा.

गोविंदानं सायकल पूर्ण उघडली. एकेक भाग फडक्यावर मांडला. छर्रे बदलले, तारा काढून पुन्हा विणल्या, ब्रेकची रबरं घासून सपाट केली. दोन दिवस गिऱ्हाइकं परत पाठवली. चाक जोडून झालं तेव्हा त्यानं दीपाला बोलावलं, तिचं बोट धरून तारेवर ठेवलं.

"ऐक. आता ही ऐक. सारखाच आवाज आहे ना?"

"हो."

"या बाजूची तार कसली की चाक इकडे येते. त्या बाजूची कसली की तिकडे. अर्ध्या आट्यानं सूतभर फरक पडते. ब्रेकचं रबर सूतभरच दूर असते. म्हनून चावी हातात असली की बोलाचं नाई कोनाशी."

दीपा आठ दिवसांत आऊट काढायला शिकली. बापासारखं ऐकून नाही, बघून, पण शिकली.

कौसल्याला, गोविंदाच्या बायकोला, हे आवडलं नव्हतं. वेचणीचे दिवस. पोरगी सायकलीवर गेली की एक हात कमी. कापसाच्या बोंडांनी दोघींची बोटं नखांच्या कडेनं चिरलेली. संध्याकाळी भाकरी मोडताना दीपा तिखटाला हात लावत नव्हती. पण गावातल्या बायका विहिरीवर बोलायला लागल्या, पोट्टी पाय फाकवून वाकून बसते म्हणून, तेव्हा कौसल्यानं घागर उचलली. घरी आली आणि गोविंदाच्या जुन्या पँटीचं कापड कापून दीपाच्या सलवारीला आतून गादी शिवून दिली.

"बसाले लागत असन," एवढंच म्हणाली.

दीपा पहाटे पाचला निघायची. सलवारीचे पाय घोट्याशी रबरानं बांधलेले, कानाला आईचा स्कार्फ. दारव्ह्याच्या वेशीपर्यंत जाऊन परत. मग आईबरोबर शेत, मग कॉलेज. तिच्या मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या. गोविंदा रात्री जेवताना तिच्या पायांकडे बघायचा आणि मग दुसरीकडे बघायचा.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी क्लबनं मुलींची चाचणी घेतली. सात मुली होत्या. समीक्षा यवतमाळहून मुद्दाम आली होती. ती वाईट मुलगी नव्हती. तिनं दीपाला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, जुन्या सायकलीकडे बघून म्हणाली, "अरे वा, माझ्यापेक्षा तुझ्याकडे छान राहिलीय." मग शर्यत झाली आणि दीपा तिच्या चार मिनिटं आधी आली. चार मिनिटं म्हणजे बसून पाणी पिऊन, रबर सोडून पुन्हा बांधण्याइतका वेळ.

मंगळवारी दुपारी वामनराव गाडीतून एकटेच आले. दुकानातल्या स्टुलावर बसले. कौसल्या शेतात होती, दीपा कॉलेजात.

"गोविंदा, उन्हाळ्यात हे गोदाम पाडतो म्हनून राह्यलो. इथं सायकलीचं शोरूम काढाचं आहे."

गोविंदाच्या हातात पंक्चरची ट्यूब होती. ती त्यानं पाण्यात धरली. बुडबुडे यायला लागले.

"मंग दुकान जी?"

"थेच बोलाले आलो. तुले मी काढत नाई. तू आपला मानूस. बाजूले पक्की शेड देतो बांधून. मागं दोन खोल्या. तुह्या नावाचा बोर्ड."

"लय उपकार होतीन भाऊ."

वामनराव थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले. एसटी गेली, धूळ बसली.

"समीक्षाले त्या होस्टेलात जाचं आहे," ते म्हणाले. "तिचं मन नाई लागत अभ्यासात. हे एकच आहे तिच्यासाठी. अन् रविवारी चार मिनिटं मागं राह्यली. चार. सगळ्या लोकायसमोर. माह्याच सायकलीवर बसलेल्या पोट्टीच्या मागं."

गोविंदानं ट्यूब पाण्याबाहेर काढून भोकावर बोट ठेवलं.

"दीपा लहान आहे. तिचं पुढच्या वर्षी होईन. मी सोता नेतो तिले अमरावतीले."

"तिले सांगू का जी, हळू चालव म्हनून?"

"सांगू नोको. सांगशीन त ऐकन का ते? तू चाकाले सांग. चाक ऐकते तुह्यं." वामनराव उठले. "पडली नाई पाह्यजे. लागलं नाई पाह्यजे पोट्टीले, तेवढं पाह्य. निसतं मागं राह्याचं."

गाडीत बसताना त्यांनी भिंतीवर हात ठेवून वर पत्र्यांकडे पाहिलं, जणू ते पहिल्यांदाच दिसत होते.

गोविंदानं दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. गुरुवारी दीपा विहिरीवर गेली असताना कौसल्या दारात बसून कापसातला कचरा निवडत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि बोटं चालू होती. वाळकं पान काढायचं, बाजूला टाकायचं.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"मले कायले सांगता?"

"मंग कोनाले सांगू?"

"मले सांगून अर्धं माह्या अंगावर टाकता काय?" कौसल्या म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "करा म्हनलं त मी पोरीची वैरीन. नोका करू म्हनलं अन् उद्या पत्रे काढले, त तुमी म्हनान, हिनंच सांगतलं होतं. मी नाई बोलत. तुमचे हात आहे, तुमचं तुमी पाहा."

ती उठली आणि निवडलेला, न निवडलेला सगळा कापूस एकाच पोत्यात कोंबला.

सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी क्लबच्या सगळ्या सायकली गोविंदाकडे आल्या. त्यानं बारा सायकली धुतल्या. समीक्षाची नवी सायकल हातात आली तेव्हा त्यानं तिच्या तारा छेडल्या. दोन ठिकाणी किंचित ढिल्या होत्या. तशाच सोडल्या असत्या तरी कोणाला कळलं नसतं. त्यानं त्या कसल्या. त्याला वाईट काम करता येत नव्हतं, म्हणजे तोपर्यंत तरी त्याला असं वाटत होतं.

दारव्ह्याचं मैदान सकाळी सातलाच भरलं. पताका, लाउडस्पीकर, शाळांच्या रांगा. क्लबवाल्यांनी आपल्या सायकली दोरीच्या आत ओळीनं उभ्या केल्या होत्या आणि शेजारी उभे राहून लोकांना सांगत होते, कुठली कितीची, कुठून आली. लोक हात मागे बांधून बघत होते. दीपाला क्लबचा पिवळा टी-शर्ट मिळाला होता. तो तिला ढगळ होता, तिनं कमरेला गाठ मारली होती.

"बाबा, एकडाव चाक पाहून द्या," ती म्हणाली आणि सायकल त्याच्यापुढे उलटी करून ठेवली.

चाकात काहीच नव्हतं. गोविंदानं चावी काढली. वामनराव दहा पावलांवर उभे होते, छातीवर तिरंगी बिल्ला. ते कोचशी बोलत होते आणि इकडे बघत होते.

गोविंदानं मनाशी ठरवलं, अर्धाच आटा. चार तारांना. रबर नुसतं लागेल. चार मिनिटांची पोरगी आहे, एवढ्यात काय मागे पडते, येईलही पहिली. मग भाऊंचा शब्दही राहिला आणि तिचंही झालं. असं म्हणत त्यानं पहिली तार कसली. दुसरी. दीपा समोर उकिडवी बसून पेडल हातानं फिरवत होती, त्याला चाक नीट दिसावं म्हणून. ती बोलली नाही. चावी हातात असताना बोलायचं नाही, हे त्यानंच शिकवलं होतं. तिसरी तार. चौथी.

"झालं," तो म्हणाला.

लगेच झेंडा चढला. सगळे ताठ उभे राहिले. गोविंदाही उठला, गुडघ्यावर हात रोवून, वाकडा. मग एका मास्तरांनी माइकवरून संविधानाची उद्देशिका सांगितली आणि सगळ्या मैदानानं ती मागून म्हटली. गोविंदाला ती पाठ होती. त्याच्या घरात ती घटनाकारांच्या फोटोशेजारी लावलेली होती. त्यानं ओठ हलवले. चावी मुठीतच होती.

शर्यत सुटली. मैदानातून अडाणच्या पुलापर्यंत आणि परत. मुलींच्या मागे क्लबची जीप होती; पुढे ड्रायव्हरशेजारी वामनराव, मागे हवेचा पंप, पेटी आणि गोविंदा. वाटेत सायकल बिघडली तर मिस्त्रीनं उतरून दुरुस्त करायची, असा नियम.

पहिले सहा-सात किलोमीटर दीपा पुढे होती. मग तिची पाठ हलायला लागली. पायातली लय मोडली. गोविंदाला मागून दिसत होतं, ती दर वळशाला खांद्यानं ढकलते आहे. समीक्षा तिच्या बरोबरीला आली, तिच्याकडे बघितलं आणि पुढे गेली. पुलावर लोक जमले होते. त्यांत कौसल्या होती, वेचणीचं फडकं कमरेला तसंच. ती ओरडली नाही. दीपा वळसा घेऊन परत फिरली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि पिवळा टी-शर्ट पाठीला चिकटलेला होता. तरी ती समीक्षाच्या पन्नास पावलंच मागे होती.

परतीच्या चढावर ती थांबली. खाली उतरली, मागचं चाक उचलून फिरवलं आणि जीपला हात केला.

"बाबा, चाक घासून राह्यलं!"

जीप थांबली. गोविंदा उतरला. एका मिनिटाचं काम. चार तारा, अर्धा आटा उलटा. त्यानं चावी तारेला लावली आणि जीपकडे पाहिलं. वामनराव खिडकीतून हात बाहेर टाकून बसले होते. ते घड्याळाकडे बघत होते.

गोविंदानं चुकीची तार धरली. सोडली. दुसरी धरली. चाक फिरवून बघितलं, मान हलवली, पुन्हा फिरवलं. चावी हातातून पडली, ती उचलायला त्यानं वेळ लावला. एक मुलगी शेजारून गेली. घामाचे थेंब त्याच्या नाकावरून रिमवर पडत होते.

दीपा त्याच्या हातांकडे बघत होती. हे हात तिला माहीत होते. अंधारात, लाइट गेलेली असताना, बोलता बोलता चाक सरळ करणारे हात. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिनं जीपच्या खिडकीकडे पाहिलं, आणि मग परत हातांकडे.

तिनं त्याला बाजूला केलं. ढकललं नाही, मनगट धरून हात उचलला आणि बाजूला ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. ब्रेकची वायर कडीतून सोडली. दोन्ही रबरं दूर झाली, चाक मोकळं झालं. मागे ब्रेक नाही, पुढे उतार. ती बसली आणि निघाली.

मधली मुलगी तिनं उतारावरच गाठली. वेशीजवळ समीक्षा दिसायला लागली. गोविंदा पंपाला धरून उभा राहिला होता, दोन्ही पायांवर, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मैदानाच्या फाटकाशी दीपाचं पुढचं चाक समीक्षाच्या मागच्या चाकाला आलं. तिथंच शर्यत संपली.

कोच दीपाजवळ आला होता. तिच्या पोटरीवर हात ठेवून म्हणाला, "कुणी शिकवलं तुला?" ती उकिडवी बसून ओकत होती.

बक्षिसं झाली. समीक्षाच्या गळ्यात हार पडला. मग वामनरावांनी माइक घेतला. सायकलीवर ते दहा मिनिटं बोलले; सायकल माणसाला प्रामाणिक कसं करते, असं. शेवटी म्हणाले, "आपल्या क्लबचा खरा कणा म्हणजे आपला गोविंदा. अपंग असून याच्यासारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही. त्याचा सत्कार आपण त्याच्याच लेकीच्या हातानं करू."

गोविंदाला दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. डॉक्टरनं दीपाच्या हातात शाल आणि नारळ दिला. ती समोर आली. तिच्या हनुवटीला ओकारी वाळलेली होती. तिनं शाल उघडली, त्याच्या खांद्यावर टाकली आणि दोन्ही टोकं पुढे ओढून घेताना अगदी हळू विचारलं, "किती आटे?"

टाळ्या वाजत होत्या.

"अर्धा," गोविंदा म्हणाला.

तिनं मान हलवली, आऊट काढायला शिकत असताना हलवायची तशी. नारळ त्याच्या हातात दिला आणि खाली उतरली.

त्या दिवशी ती दारव्ह्याहून बोरीपर्यंत चालत आली. समीक्षाची जुनी सायकल तिनं मैदानातच भिंतीला लावून ठेवली होती. दोन दिवसांनी वामनरावांचा माणूस टेम्पोतून ती नेताना दिसला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समीक्षा होस्टेलातून परत आली. हे गोविंदाला अतुल डॉक्टरकडून कळलं, रविवारी, मोजे घालून चेन धूत असताना. मंडळी चहा पीत होती, वामनराव त्या दिवशी आले नव्हते.

"नऊ दिवस राहिली पोरगी," डॉक्टर दुसऱ्या एकाला सांगत होता. "पहाटे चारला उठवतात म्हणे, संडास बाहेर. रडून रडून आली. कोचचा फोन आला होता वामनभाऊंना, दुसऱ्या नंबरची पोरगी पाठवा म्हणून."

गोविंदाचा ब्रश थांबला.

"मंग?" दुसऱ्यानं विचारलं.

"भाऊ म्हणाले, तिच्या घरचे पाठवत नाहीत. मग त्यानं वाशिमची कोणी घेतली." डॉक्टरनं खाली पाहिलं. "का रे गोविंदा, पाठवायचं ना पोरीला. चांगली चालवते. तुम्ही लोक पोरींना पुढे जाऊच देत नाही."

गोविंदानं चेनची पुढची कडी घासायला घेतली. मग त्याच्या पुढची. घासलेट मोज्याच्या आत शिरलं होतं आणि बोटं जळत होती.

शेड मात्र मिळाली. वामनराव शब्दाचे पक्के होते. मार्चमध्ये गोदाम पाडलं, एप्रिलअखेर शेजारी विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर नवे पत्रे, मागे दोन खोल्या. पिवळ्या बोर्डावर क्लबचं चिन्ह आणि खाली 'गोविंदा सायकल सर्व्हिस'. कौसल्यानं नव्या खोलीत चूल मांडली. गोविंदाशी ती बोलायची, मीठ संपलं, पाणी आलं, एवढं. दीपा बोलत नव्हती. भांडलीही नाही कधी. ताट वाढायची, पाणी द्यायची, आपली निळी सायकल काढून निघून जायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात, ऊन चढायच्या वेळी, ती गावाबाहेरून सायकल हातात धरून येताना दिसली. मागचं चाक पंक्चर. रिम रस्त्यावर खडखडत होती. गोविंदा पोत्यावर बसला होता, हाताशी सगळं सामान. त्यानं पाण्याचं घमेलं पुढे ओढलं, सोल्युशनची नळी उघडली, टायर काढायचा पाना हातात घेतला.

ती दुकानासमोरून गेली.

"दीपा," त्यानं हाक मारली. "दे इकडे. पाच मिनिटं लागते."

ती थांबली नाही. पुढे बसस्टँडजवळ हरिसिंगचं टपरीतलं दुकान होतं. हरिसिंग मोटारसायकलीचं काम करायचा, सायकलीला क्वचित हात लावायचा, आणि लावायचा तेव्हा धसमुसळा लावायचा. दीपानं सायकल त्याच्यासमोर उभी केली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली, मग तिकडून इकडे, गोविंदाच्या नव्या बोर्डाकडे. कोणीतरी हसलं.

गोविंदाला एवढ्या लांबून दिसत होतं, हरिसिंग रबर नीट घासत नाही आहे. ठिगळ ओलं असतानाच दाबतो आहे. दोन दिवस टिकणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली, सायकल हातात, चाक खाली बसलेलं. या वेळी त्यानं हाक मारली नाही. दोन्ही हातांनी जमीन धरून तो पोत्यावरून सरकत सरकत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि चाकाला हात घातला.

"निसतं पंक्चर आहे माय," तो म्हणाला. "चाकाले हात नाई लावत. निसतं पंक्चर."

दीपा उभी राहिली. त्याच्या बोटांकडे बघितलं, तारांमध्ये अडकलेली. घाई न करता ती खाली वाकली आणि एकेक बोट सोडवलं. मग सायकल थोडी उचलून त्याच्या पायाला लागणार नाही अशी वळवली आणि हरिसिंगच्या टपरीकडे चालायला लागली.